फाईल तुम्ही आणायला गेलात, की ती चालत आली?

घाटंजी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: “बाबांच्या मोबाईलवर गावाच्या ग्रुपमधून ‘पीएम किसान नवीन यादी’ अशी फाईल आली आहे. त्यांनी अजून उघडली नाही, पण शेजारच्या काकांनी उघडली आणि तेव्हापासून त्यांचा फोन धड चालत नाही. मी स्वतः मराठी टायपिंगच्या परीक्षेसाठी जुन्या लॅपटॉपवर फाँट, व्हिडिओ प्लेअर, सरावाच्या फाईली उतरवते. आता घरचे म्हणतात, नेटवरून काहीच घेऊ नको. खरंच घेऊ नये का? आणि घ्यायचं तर चांगलं-वाईट ओळखायचं कसं?”

ताई, सगळ्यात तातडीचं काम तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. काकांचा फोन. आधी तिकडे जा, बाकीचं उत्तर रात्री वाचा.

काकांच्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा. मग सिम काढून एखाद्या साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. अशा फाईलीतून जे ॲप फोनमध्ये शिरतं, त्याची नजर बहुतेक वेळा बँकेच्या मेसेजवर असते. ओटीपी आला की ते तो वाचून गुपचूप बाहेर पाठवतं. सिम बटणाच्या फोनमध्ये गेलं की ओटीपी तिकडे येतो आणि त्या ॲपच्या हाती काही लागत नाही. त्याच बटणाच्या फोनवरून ##002# डायल करा. कोणी काकांचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ठेवले असतील तर ते वळवणं त्याने बंद होतं. हे वळवणं कंपनीच्या नेटवर्कवर लागलेलं असतं, त्यामुळे नुसता फोन बदलून किंवा फॉरमॅट करून ते जात नाही.

मग बँकेला फोन. नंबर एटीएम कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या, गुगलवर शोधलेला नको. यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवायला सांगा, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाच्या हातून चूक झालेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून ती वेळ लिहिलेली हवी. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 लावा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि तीच तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या साईटवरही देता येते. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, तिथून काढले की अवघड होतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांनी घरचे रागावतील म्हणून दोन दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. काकांना कोणी रागावू नका, आधी फोन लावा.

पैशाची वाट अडवल्यावर फोनची सफाई. पॉवरचं बटण दाबून ‘पॉवर ऑफ’ या शब्दावर बोट धरून ठेवलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेफ मोड विचारतो. त्या मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत जा आणि ज्या दिवशी फाईल दाबली त्या दिवशीचं अनोळखी ॲप शोधा. त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नसलं तरी यादीत ते असतं, कधी ‘सिस्टीम अपडेट’ अशा साळसूद नावाने. ‘अनइंस्टॉल’ दाबता येत नसेल तर त्याने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनचा कारभारी, करून घेतलेलं असतं. ती परवानगी काढा, ॲक्सेसिबिलिटीमध्ये (ही परवानगी मिळालेलं ॲप तुमची स्क्रीन वाचू आणि बटणं दाबू शकतं) त्याचं नाव असेल तर तेही बंद करा, मग ते निघतं. माझं मत विचाराल तर एवढं करूनही फोटो बाजूला काढून फोन पूर्ण रीसेट करावा. यूपीआयचा पिन आणि गुगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, 16 वर्षांपासून माझं दुकान आहे. ऑनलाईन अर्ज, झेरॉक्स, आणि मागच्या खोलीत मोबाईल-संगणक दुरुस्ती. नेटवरून काहीच घेऊ नये, असं मी कोणाला सांगत नाही. सातबारा नेटवरून येतो, टायपिंगच्या परीक्षेचं हॉलतिकीट नेटवरून येतं, ई-पीक पाहणीचं ॲपही तिथूनच घ्यावं लागतं. नेट बंद केलं तर आपलंच काम अडतं. मी विचारतो ते एवढंच: ही फाईल तुम्ही आणायला गेला होता, की ती तुमच्याकडे चालत आली?

मागच्या जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत एक गृहस्थ दुकानात आले. “भाऊ, यादीत नाव पाहाचं होतं. थे फाईल दाबली अन् तवापासून मोबाईल तापून राह्यला.” मी फोन हातात घेऊन त्यांच्यासमोर सगळं उलटं तपासत गेलो. ग्रुपमध्ये फाईल होती, नाव ‘पीएम किसान यादी’, आणि नावाखाली बारीक अक्षरात एपीके. यादी म्हणजे कागद. कागदाची फाईल पीडीएफ असेल, फोटो असेल. एपीके म्हणजे अख्खं ॲप, फोनमध्ये बसणारं. ते दाबल्यावर अँड्रॉइडने त्यांना अडवलंही होतं: या ठिकाणाहून अनोळखी ॲप टाकायला परवानगी नाही, सेटिंग्जमध्ये जा. ते सेटिंग्जमध्ये गेले आणि बटण सरकवलं. मग मेसेज वाचू का, विचारलं, हो म्हटलं. ॲक्सेसिबिलिटी मागितली, तीही दिली. तीन ठिकाणी दार वाजलं आणि तिन्ही वेळा त्यांनी आतून कडी काढली. “मले वाटलं सरकारीच हाय. अशोकस्तंभ होता ना त्याच्यावर,” ते म्हणाले. चित्र कोणालाही चिकटवता येतं. रात्री त्यांच्या खात्यातून तीन वेळा रक्कम गेली. ती बियाण्याखताला ठेवलेली होती.

त्यांना ती फाईल पाठवली होती त्यांच्या साळ्याने. साळ्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या फोनमधल्या ॲपने त्याच्या नावाने सगळ्या ग्रुपमध्ये ती टाकली होती. त्यामुळे ‘ओळखीच्या माणसाकडून आली’ याला आता काही किंमत राहिलेली नाही. कधी ती लग्नपत्रिका म्हणून येते, कधी आरटीओचं चलान, कधी बँकेचं केवायसी, कधी लाडक्या बहिणीची यादी. नाव बदलतं, शेवटची तीन अक्षरं तीच राहतात. पत्रिका, चलान, यादी, पावती यातली कुठलीच गोष्ट एपीके असण्याचं काही कारण नाही.

म्हणून पहिली सवय फाईलीचं आडनाव वाचायची. पीडीएफ, जेपीजी, एमपी3, एमपी4 या फाईली वाचायच्या, पाहायच्या, ऐकायच्या. त्यांच्यातूनही क्वचित घात होतो, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा त्या उघडणारं सॉफ्टवेअर जुनं असतं. ते अपडेट ठेवलं की धोका पुष्कळ कमी. एपीके, ईएक्सई, एमएसआय, बीएटी, व्हीबीएस, एससीआर या फाईली ‘चालतात’, म्हणजे त्यांना तुमच्या यंत्रावर काम करायची मुभा मिळते. झिप आणि आरएआर ही गाठोडी, आत काय आहे ते सोडल्याशिवाय कळत नाही. गाठोड्याला पासवर्ड असेल आणि तो पासवर्ड शेजारीच लिहून दिलेला असेल, तर तो तुमच्यासाठी नसतो. कुलूप असलं की अँटिव्हायरसला आत पाहता येत नाही, म्हणून तो लावलेला असतो. अशी फाईल मी दुकानात उघडतच नाही.

लॅपटॉपवर अडचण अशी की विंडोज हे आडनाव मुळातच लपवून ठेवतं. ‘सराव.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाईल तुम्हाला ‘सराव.पीडीएफ’ दिसते. ही युक्ती फार जुनी. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा जगभर पसरला तो असाच: ईमेलला प्रेमपत्राची टीएक्सटी फाईल जोडलेली दिसायची, खरं आडनाव होतं व्हीबीएस. आज रात्रीच फाईल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, त्यात ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. जुन्या विंडोजमध्ये ती चौकट ‘व्ह्यू’मध्येच दिसते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर न विचारता करून देतो.

दुसरं, जागा. सरकारी कामाच्या बहुतेक साईटचा पत्ता जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनवर संपतो, आणि हे शेवट सरकारी यंत्रणेलाच मिळतात. पण ‘संपतो’ हा शब्द नीट लक्षात घ्या. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन रेघा सोडून पत्त्यात पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहायचं. ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ खरी. ‘पीएमकिसान आडवी रेघ जीओव्ही डॉट कॉम’ अशी कोणी बनवली तर त्यात जीओव्ही अक्षरं आहेत, पण मालक कोणीही असू शकतो. आणि पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह पाहून निर्धास्त होऊ नका. मधल्या रस्त्यात तुमचं बोलणं कोणी ऐकणार नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे सांगत नाही. चोरही ते कुलूप फुकटात लावतो.

गुगलवर शोधलं की वरती जे ‘प्रायोजित’ लिहिलेलं येतं ती जाहिरात असते, पैसे भरून लावलेली. आमच्या धंद्यातली मुलं इथेच फसतात. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर घाईत शोधायचा, बाहेर गिऱ्हाईक उभं, आणि पहिल्याच ओळीवर क्लिक. समोर मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण असतं, ते दुसऱ्याच कशाचं. खरी लिंक बऱ्याचदा बारीक अक्षरात त्याच्या खाली असते. मला लागणाऱ्या सगळ्या साईटचे पत्ते मी एकदा नीट तपासून बुकमार्क केले आहेत, शोधत बसत नाही.

तुमचा व्हिडिओ प्लेअर बहुधा व्हीएलसी असेल. तो पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून 1996 मध्ये सुरू झालेला, फुकट, जाहिरातींशिवायचा, चांगला प्लेअर. त्याची खरी जागा व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. 2022 मध्ये बरेच महिने ही साईट भारतात बंद केलेली होती, नोव्हेंबरमध्ये उघडली. त्या काळात आपल्याकडच्या लोकांना तो भलतीकडून घ्यायची सवय लागली, आणि काहींची अजून सुटली नाही. फाँटचं त्याहून सोपं. फाँटची फाईल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. ‘मराठी फाँट’ म्हणून ईएक्सई हाती आली तर ती चालवू नका. युनिकोडसाठी मंगल आणि निर्मला विंडोजमध्येच येतात, मराठी कीबोर्डही येतो. मुक्ता, बालू असे देखणे देवनागरी फाँट गुगल फाँट्सवर फुकट आहेत. परीक्षेसाठी नेमकं कोणतं सॉफ्टवेअर हवं ते तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटला विचारा आणि त्यांच्याकडूनच घ्या. हॉलतिकीट मात्र परीक्षा परिषदेच्या साईटवरून.

आता क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण जुन्या लॅपटॉपवर फोटोशॉप किंवा ऑफिस फुकटात चालवायला ‘ॲक्टिव्हेटर’ टाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे दर खरिपात चोर बीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याची, पाकिटं फिरतात. बिल नाही, लॉट नंबर नाही, आणि बोंड धरलं नाही तर कृषी केंद्रात जाऊन भांडायची सोय नाही, कारण ते त्या केंद्रातून घेतलेलंच नसतं. क्रॅकचं अगदी तेच आहे. शिवाय त्यात पहिली सूचना असते: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. म्हणजे वाड्यातलं कुत्रं बांधून ठेवा, मग आम्ही येतो. मी स्वतः पूर्वी गिऱ्हाइकांना अशी सॉफ्टवेअर टाकून दिली आहेत. एका पोरीचे प्रकल्पाचे दोन वर्षांचे फोटो आणि लेखन अशाच एका ॲक्टिव्हेटरने कुलूपबंद करून पैसे मागितले. ते मी परत मिळवून देऊ शकलो नाही. त्या दिवसापासून माझ्या दुकानात क्रॅक बंद आहे. लिबरऑफिस फुकट आहे, मराठी नीट चालवतं, अर्ज-पत्र-तक्ते सगळं होतं.

आणलेली फाईल चांगल्या जागेची असली तरी उघडण्याआधी पाहून घ्यावी. सोयाबीन पेरण्याआधी आपण 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, 70 उगवले तरच पेरतो. फाईलीसाठी तसं गोणपाट म्हणजे व्हायरसटोटल ही साईट. 2004 मध्ये सुरू झाली, 2012 पासून गुगलकडे आहे. तिथे फाईल टाकली की साठाहून जास्त अँटिव्हायरस तिला तपासून निकाल देतात. एखाद-दुसऱ्यानेच लाल दाखवलं तर तो चुकीचा संशय असू शकतो. आठ-दहा जणांनी दाखवलं तर फाईल टाकून द्या. सगळे हिरवे आले तरी फाईल अगदी नवीन असेल तर चार दिवस थांबून पुन्हा तपासा, कारण नव्या किडीची ओळख पटायला वेळ लागतो. मात्र तिथे आधार, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट असं काही टाकू नका. तपासायला टाकलेली फाईल त्यांच्याकडे राहते आणि इतर तपासणाऱ्यांनाही ती पाहता येते.

मोठी फाईल असली की बऱ्याचदा तिच्या पानावर ‘एसएचए-256’ असं लिहून 64 अक्षर-आकड्यांची लांब ओळ दिलेली असते. तो त्या फाईलीचा अंगठा समजा; फाईलीत एक अक्षर बदललं तरी अंगठा पार बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा तो काढून देते. आपल्याकडे याचा उपयोग दुहेरी आहे. लाईन जाते, राउटर बंद पडतो, उतरवणं मध्येच तुटतं, आणि अर्धवट फाईल पूर्ण असल्यासारखी दिसते. अंगठा जुळला नाही की ते कळतं. आणि फाईल कोणी बदलली असेल तरी कळतं. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या विंडोजसारख्या फुकट प्रणालीच्या साईटमध्ये चोर शिरले आणि लोकांना बिघडवलेल्या फाईलीकडे पाठवलं होतं. ज्यांनी अंगठा खऱ्या यादीशी ताडून पाहिला त्यांना फरक दिसला असता. याच्याही पलीकडचा प्रकार 2017 चा: सीक्लीनर हे सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साईटवर, कंपनीच्या सहीसकट, महिनाभर बिघडलेलं मिळत होतं, आणि 20 लाखांहून जास्त संगणकांवर गेलं. तिथे तुमची-माझी तपासणी कमी पडते. म्हणून तुमच्या महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवा, आणि प्रत घेऊन झाली की तो पेनड्राईव्ह काढून कपाटात. लॅपटॉपला लावून ठेवलेली प्रत लॅपटॉपबरोबरच जाते.

झेरॉक्सच्या दुकानातून काही उतरवून प्रिंट घेत असाल तर उलटी काळजी घ्या. तुमचं ई-आधार त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहतं. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमचं नाव, जन्मवर्ष बहुधा फॉर्मवर समोरच असतं. दुकानदाराला तुमच्यासमोर शिफ्ट आणि डिलीट दाबायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्क्रीन वळवून दाखवतो.

बाबांच्या फोनचं आता. ती फाईल चॅटमधून काढा, काढताना ‘फोनमधूनही काढा’ ही खूण राहू द्या. सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा’ शोधा, त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिन्हींसमोर बंद करा. व्हॉट्सॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन डॉक्युमेंट आपोआप उतरणं बंद करा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट ही ॲप तपासणारी सोय चालू आहे का पाहा. बाबांना यादीच पाहायची असेल तर त्यासाठी ॲप लागतच नाही: पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन उघडा, ‘बेनिफिशियरी लिस्ट’वर जा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, गावाची पूर्ण यादी समोर येते. तो पत्ता क्रोममधून त्यांच्या होम स्क्रीनवर ठेवून द्या.

आणि ग्रुपमध्ये ती फाईल ज्यांच्या नावाने आली, त्यांना आजच साधा फोन करा. त्यांचा फोनही काकांच्या फोनसारखाच झालेला असणार, त्यांना सिम काढण्यापासून सगळं सांगा. ग्रुपच्या ॲडमिनला सांगून ती फाईल सगळ्यांसाठी डिलीट करून घ्या, आणि आणखी कोणी दाबली का ते ग्रुपमध्येच विचारा. दाबणारा माणूस हात वर करायला लाजतो, म्हणून ‘काकांच्या फोनचं असं झालं, कोणाचं झालं असेल तर मला वेगळं सांगा’ असं लिहा.